अर्धा पिवळा दगड आणि बाल्दोच्या चपला

पिवळा रंग माझा जन्माचा नाही, मित्रांनो. तो मला लावलेला आहे. आतून मी पांढराच आहे, आणि जवळ येऊन निरखलंत तर माझ्या अंगावर बारीक फुलांची नक्षी दिसेल. ती कुणी कोरलेली नाही. मी एके काळी जिवंत होतो, त्याची ती खूण आहे.

हो, जिवंत! दगड असं म्हणतो याचं नवल वाटलं ना? पण मी आधी दगड नव्हतोच. कॅरिबियन समुद्राच्या पोटात मी प्रवाळ होतो. माझ्यावर पोपटमासे यायचे, चोचीसारख्या दातांनी मला कुरतडायचे आणि मागून पांढरी वाळू सांडत ऐटीत निघून जायचे. बोनेर बेटावरची कितीतरी मऊ वाळू अशी माशांच्या पोटातून आलेली आहे. पर्यटक तिच्यावर लोळतात, तिचे फोटो काढतात. मी गप्प बसतो. उगाच कुणाचा विरस कशाला करा?

मग बेट हळूहळू वर उचललं गेलं आणि त्याच्याबरोबर मीही उन्हात आलो. वाळलो, घट्ट झालो, दगड झालो. तसाच पडून राहिलो असतो तर तुम्हाला सांगण्यासारखं काहीच नसतं. पण बेटाच्या दक्षिणेला मिठागरं होती, आणि मिठागरांत गुलाम होते.

त्यांच्यासाठी किनाऱ्याजवळ खोपटी बांधली गेली. त्यातल्या एका खोपटाच्या भिंतीत, दाराच्या शेजारी, मला बसवलं. खोपट इतकं बुटकं की माणसाला वाकून, जवळजवळ रांगतच आत यावं लागे. दिवसभर मीठ उपसून आलेली माणसं माझ्यावर पाठ टेकायची. त्या पाठींवरचं मीठ माझ्यात इतकं मुरलंय की पुढे कितीही रंग चढला तरी ते गेलेलं नाही. आठवड्याच्या शेवटी ती माणसं बेट ओलांडून रिंकोन गावाला आपल्या घरी चालत जायची आणि पुन्हा चालत परत यायची. मी त्यांची वाट बघायचो. ती परत येऊ नयेत असंही मला वाटायचं. दोन्ही खरं होतं.

तेव्हा मला एकाच गोष्टीचा हेवा वाटायचा. किनाऱ्यावर उंच मनोरे उभे होते, प्रत्येकाचा रंग वेगळा. जहाज लांबून यायचं, मनोऱ्याचा रंग ओळखायचं आणि बरोबर तिथेच नांगर टाकून मीठ भरायचं. एवढं मोठं जहाज एका रंगाचं ऐकतं! मला वाटायचं, आपल्यालाही कुणी रंगवावं. आपल्याकडे बघूनही कुणाला कळावं, की हीच ती जागा.

एक दिवस ती माणसं मोकळी झाली. खोपटी ओस पडली. पुढे ट्रक आले तेव्हा मीठ वाहणारी गाढवंही मोकळी झाली. त्यांना मात्र जायला गाव नव्हतं, म्हणून ती इथेच राहिली. त्यांची नातवंडं, पतवंडं अजून रस्त्यावर मधोमध उभी राहून गाड्या अडवतात आणि खिडकीतून तोंड घालून खायला मागतात. आमच्या भिंतीचा कोपरा ढासळला आणि मी गवतात गडगडलो.

मला तिथून उचललं उबाल्दोनं.

उबाल्दो तेव्हा तरुण होता, मिठागरात कामाला होता, आणि सुट्टीच्या दिवशी मासा जसा पाण्यात असतो तसा पाण्यात असायचा. आता त्याला सगळे तिओ बाल्दो म्हणतात, म्हणजे बाल्दोकाका. त्या सुमाराला आमचा समुद्र बघायला जगभरातून लोक यायला लागले होते. पाठीला हवेचा सिलिंडर, पायांना रबरी पंख, आणि चालताना बदकासारखी फेंगडी चाल! बेटावर ठरलं की प्रवाळाला हात लावायचा नाही, बरचीनं मासा मारायचा नाही, आणि जिथून पाण्यात सुखरूप उतरता येतं तिथे तिथे एक पिवळा दगड ठेवायचा.

बाल्दो आपला मित्र रिग्नाल्द याला घेऊन दगड शोधत आला. मला उलटंपालटं करून म्हणाला, "हा घे. तोंड सपाट आहे, नाव लिहायला बरं."

"लिहिणार काय?" रिग्नाल्दनं विचारलं.

"तांता लुसी."

"तुझी मावशी? अरे, तिनं जन्मात कधी समुद्रात पाय घातला नाही! किनाऱ्यावर बसून मासे तळायची आणि पोहणाऱ्यांना शिव्या द्यायची."

"म्हणून तर! आता रोज जगभरातले लोक तिच्या नावानं पाण्यात उड्या मारतील. वर बसून काय चिडेल म्हातारी!"

असा मी तांता लुसी झालो. मिशा फुटाव्यात असा रांगडा दगड आणि नाव मावशीचं! पण रंग काय सुंदर होता, मित्रांनो! पिकलेल्या आंब्यासारखा. रस्ता आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीत बाल्दोनं मला रोवलं, तेव्हा मी पहिल्यांदा त्या मनोऱ्यांकडे मान वर करून पाहिलं.

आता माझ्या खऱ्या नोकरीबद्दल सांगतो. जागा दाखवणं ही माझी नोकरी आहेच, पण ती सगळेच पिवळे दगड करतात. मी चपला सांभाळतो.

आमच्या बेटावर वारा कायम पूर्वेकडून येतो. झाडंसुद्धा सगळी पश्चिमेला वाकून उभी असतात, जणू कुणी त्यांचे केस धरून ओढतंय. त्यामुळे आमच्या बाजूचा समुद्र तळ्यासारखा शांत असतो. पण त्याच वाऱ्यामुळे किनाऱ्यावर ठेवलेली हलकी वस्तू उडते ती थेट पाण्यात जाते. डायव्हर बाहेर येतात तेव्हा त्यांच्या चपला शेजारच्या क्युरासाओ बेटाच्या दिशेनं निघालेल्या असतात! मग तापलेल्या खडकावरून अनवाणी नाचत गाडीपर्यंत जावं लागतं. माझ्या पोटाखाली, समुद्राच्या बाजूला, एक खोबण आहे. तिथे वारा पोचत नाही. बाल्दोनं पहिल्याच दिवशी आपल्या चपला तिथे कोंबल्या, आणि त्याचं पाहून सगळेच कोंबायला लागले.

मला माणसं चपलांवरून ओळखू येतात. बाल्दोच्या चपला निळ्या रबराच्या. एकीचा पट्टा तुटलेला, तो मासे पकडायच्या दोरीनं बांधलेला. त्याची मुलगी शोमारा लहान होती तेव्हा तिच्या इवल्याशा लाल चपला त्या निळ्या चपलांमध्ये ठेवलेल्या असायच्या. शोमारा मोठी झाली, डायव्हरांना समुद्र दाखवणारी वाटाडी झाली, तिच्या चपला मोठ्या झाल्या. पण ठेवायची जागा तीच!

पुढे मात्र दिवस बदलले. लोकांच्या हातात फोन आले. फोनच सांगायला लागला, इथे थांबा, इथे उतरा. माझ्याकडे कोण बघणार? माझा रंग उन्हानं पिकला, मग फिकटला, मग पापुद्रे सुटायला लागले. नावातला 'लु' पुसला गेला आणि मी नुसता 'तांता सी' राहिलो. एक भलामोठा इग्वाना सरडा माझ्या डोक्यावर ऊन खात बसायचा आणि तिथेच इतर सगळे विधी उरकायचा. मी मनात म्हणायचो, झालं, आता आपण परत नुसता दगड.

आणि मग तो दिवस आला. तो आठवला की अजून माझ्या अंगावरचे पापुद्रे उभे राहतात.

सकाळी शोमारा एका डच जोडप्याला घेऊन आली होती. ती मंडळी पाण्यातून बाहेर येऊन अंग पुसत होती, तेवढ्यात बाल्दोची जुनी पिकअप खडखडत आली. बाल्दो उतरला. आता तो म्हातारा झालाय, केस मिठासारखे पांढरे. मागच्या महिन्यात त्याच्या छातीत दुखलं होतं आणि डॉक्टरांनी बुडी मारायला साफ मनाई केली होती.

शोमारानं कमरेवर हात ठेवले. "पापा, इथे काय काम आहे तुझं?"

"समुद्र तुझ्या बापाचा आहे का?"

"हो, माझ्या बापाचाच होता! आता नाही. डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर क्युरासाओचा. त्याला बोनेरचं पाणी काय माहीत?"

"पापा, मस्करी नको. तू पाण्यात गेलास ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. सांगून ठेवते!"

डच जोडपं टॉवेलात तोंड लपवून उभं होतं. बाल्दो काहीतरी बोलणार होता, त्यानं तोंड उघडलंही होतं. पण शोमारानं गाडीचं दार धाडकन लावलं आणि पाहुण्यांना घेऊन ती उत्तरेच्या किनाऱ्याकडे निघून गेली.

बाल्दो माझ्यापाशी बसला. "बघितलंस, तांता? अगदी तुझ्यासारखी जीभ आहे हिची." मग त्यानं गाडीतून काय काढलं असेल? पिवळ्या रंगाची बादली आणि ब्रश! मित्रांनो, मला रडू आलं असतं, पण आम्हा दगडांना ती सोय नाही. त्यानं माझं खरबरीत अंग घासलं, पापुद्रे काढले आणि डावीकडून रंगवायला सुरुवात केली. कपाळ झालं, डावा गाल झाला.

अर्धा मी झालो असेन नसेन, इतक्यात एक गाढवाचं शिंगरू आलं. त्याला वाटलं, बादलीत खायला असणार. त्यानं तोंड घातलं ते थेट कानापर्यंत! बादली अडकली. शिंगरू घाबरलं, डोळ्यांपुढे अंधार, आणि जे उधळलं ते रस्ता ओलांडून मिठागराच्या बाजूला.

"अरे थांब! गुदमरशील, गधड्या!" म्हणत बाल्दो ब्रश हातात घेऊन त्याच्या मागे धावला. निळ्या चपला फटफट वाजत गेल्या. झुडपं हलली, आणि मग काहीच हललं नाही.

मी वाट पाहिली. सूर्य डोक्यावर आला, कलला. बाल्दो आला नाही.

आणि आता आमच्या बेटाची रीत ऐका, कारण तिनंच सगळा घात केला. पिवळ्या दगडापाशी गाडी उभी दिसली की कुणी काळजी करत नाही. काचा उघड्या, आत कुणी नाही, म्हणजे माणूस पाण्यात आहे. येईल वर! दुपारभर गाड्या गेल्या. ओळखीचे लोक होते सगळे. बाल्दोच्या पिकअपकडे बघून हसले आणि पुढे गेले. एकानं तर जाता जाता तिला हॉर्न वाजवून सलाम केला. आणि मला रस्त्यापलीकडून, वाऱ्यावर, अगदी बारीक आवाज येत होता. कुणीतरी हाक मारत होतं. हाक माझ्यापर्यंत पोचत होती, पण माझ्यापुढे तिला न्यायला कुणी नव्हतं.

ऊन उतरल्यावर शोमारा परतीच्या वाटेवर आली. तिनं पिकअप पाहिली आणि करकचून ब्रेक मारला. ती आधी गाडीच्या मागच्या बाजूला धावली. तिथे बाल्दोचा सिलिंडर कायम बांधलेला असायचा. आज ती जागा रिकामी होती. रबरी पंख नव्हते, मास्क नव्हता.

"गेला," ती म्हणाली. "गेलाच पाण्यात."

पुढे काय झालं ते भराभर झालं. तिनं फोन केले. रिग्नाल्द आपली बोट घेऊन आला. ओळखीचे, अनोळखी, ज्यांच्याजवळ सिलिंडर होता ते सगळे पाण्यात उतरले. किनाऱ्यावर बायका समुद्राकडे तोंड करून "बाल्दो! तिओ बाल्दो!" म्हणून ओरडत होत्या. बोटीची इंजिनं घरघरत होती. सूर्य पाण्याकडे सरकत होता, आणि एकदा तो टेकला की आमच्याकडे अंधार पडायला वेळ लागत नाही.

मी ओरडत होतो हो! मागे बघा! रस्त्यावर पिवळे थेंब पडलेत, तुम्ही त्यांच्यावरूनच गाड्या नेताय! पण दगडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

शोमारा दोनदा खाली जाऊन आली. तिसऱ्यांदा रिग्नाल्दनं तिचा सिलिंडर धरून ठेवला. "पुरे, दुशी, लाडके. तुझे ओठ निळे पडलेत. जरा बस."

"माझं शेवटचं बोलणं काय होतं माहितीये तुला?" ती म्हणाली. "जन्मात बोलणार नाही, असं म्हणाले मी त्याला."

रिग्नाल्दनं तिच्या पाठीवरचा सिलिंडर उतरवून घेतला.

शोमारा माझ्यापाशी आली आणि गुडघ्यांवर बसली. तिला बापाच्या चपला हव्या होत्या, दुसरं काही नाही. नुसत्या हातात धरायला. तिनं न बघताच माझ्या पोटाखाली हात घातला, लहानपणापासून घालायची तसाच. तिथे चार-पाच जोड होते, शोधायला उतरलेल्या लोकांचे. तिनं ते एकेक करून बाहेर काढले. मग खोबण शेवटपर्यंत चाचपली.

निळ्या चपला नव्हत्या.

"रिग्नाल्द!" तिचा आवाज एकदम बदलला. "पापाच्या चपला नाहीत इथे."

"वाऱ्यानं नेल्या असतील."

"इथून? इथून वाऱ्यानं कधी नेल्यात?" मग तिचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. बोटं पिवळी झाली होती; खोबणीत ओघळलेला रंग सावलीत अजून वाळला नव्हता. ती मागे सरकली आणि तिनं मला नीट पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी मला नीट पाहिलं, मित्रांनो! अर्धा पिवळाधमक, अर्धा भुरका.

"तो रंगवत होता," ती म्हणाली. "अर्धवट टाकून तो पाण्यात जाईल? ताटातली मक्याची फुंची अर्धवट टाकत नाही तो माणूस! आणि ब्रश कुठाय? बादली कुठाय?" ती ताडकन उठली. "इंजिनं बंद करा! सगळे गप्प बसा! समुद्राकडे नका बघू, इकडे फिरा!"

बोटी थांबल्या. बायका थांबल्या. नुसता वारा उरला. आमचा जुना, पूर्वेचा वारा, मिठागरावरून येणारा. आणि त्या वाऱ्यावर बसून सगळ्यांच्या कानांपर्यंत आला तो पहिला शब्द म्हणजे शिवी होती. गाढवाला घातलेली.

"पापा!" शोमारा किंचाळली आणि अनवाणी पळाली. रस्त्यावरचे पिवळे थेंब आता सगळ्यांना दिसले. थेंबांच्या मागे अख्खा जमाव धावला. बोटीतून उतरलेला रिग्नाल्द तर रबरी पंख काढायचं विसरून फताडफताड पळत होता!

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. झुडपांच्या पलीकडे, पडक्या खोपटापाशी बाल्दो सापडला. होय, तेच खोपट! शिंगराच्या तोंडातून बादली काढताना त्याचा पाय ढासळलेल्या दगडांत गेला होता आणि घोटा सुजून भोपळा झाला होता. त्याला उभं राहता येत नव्हतं. दिवसभर तो भिंतीच्या सावलीत बसून होता, बरोबर तिथे, जिथून कधी काळी मी निखळलो होतो. माझ्या जागेवर पाठ टेकून. शेजारी पिवळ्या तोंडाचं शिंगरू उभं होतं आणि त्याची आई कुणाला जवळ येऊ देत नव्हती.

त्याला उचलून माझ्यापाशी आणलं तेव्हा शोमारा रडत होती आणि भांडतही होती. "हाक मारता येत नव्हती?"

"घसा बसला हाका मारून! तुम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून बोंबलत होता. माझंच नाव मला ऐकू येत होतं. मी ओ देत होतो, तर ऐकतंय कोण?"

"आणि सिलिंडर? सिलिंडर कुठे गेला?"

बाल्दो जरा वेळ पाणी पीत राहिला. मग म्हणाला, "सकाळीच दुकानात देऊन आलो. मास्क, पंख, सगळं. तेच सांगायला थांबलो होतो तुला. पण तू आधी भांडायलाच लागलीस."

शोमारानं त्याच्या छातीवर डोकं ठेवलं. बाल्दोचा पिवळा हात तिच्या केसांवरून फिरला आणि तिचे केसही पिवळे झाले. सूर्य पाण्यात उतरला, कुणीतरी मोठ्यानं हसलं, आणि मग सगळेच हसायला लागले. एवढा सुटलेला श्वास मी कधी ऐकला नव्हता. वाराही त्यापुढे कमी पडला.

"आणि बोलणार नव्हतीस ना माझ्याशी?" बाल्दो म्हणाला.

"गप रे पापा!"

त्यानंतर माझा उजवा गाल शोमारानं रंगवला. बाल्दो पायाला पट्टी बांधून खुर्चीत बसला होता आणि सूचना देत होता, "लु नीट काढ. पोट गोल हवं त्याचं. तांता लुसी जाडी होती." गाढवांसाठी त्यांनी वेगळी बादली आणली होती, पाण्यानं भरलेली. पिवळ्या तोंडाचं शिंगरू रोज येतं. रंग आता नाकाच्या शेंड्यावर तेवढा उरलाय, पण पर्यटक माझ्याऐवजी त्याचाच फोटो काढतात. काढू देत.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखं काहीतरी असेलच. एखादा मैलाचा दगड, एखादी पाटी, एखादा पार. रंग उडाला म्हणून त्याला विसरू नका. कधीतरी नीट बघा त्याच्याकडे. आणि गाडी नेहमीच्या जागी उभी आहे, म्हणून माणूसही ठीक असेल, असं धरून चालू नका. एक हाक मारा. मग थोडं गप्प राहून ऐका, आणि ऐकताना मागेही वळून बघा.

आता तुम्हाला निरोप देतो, कारण मला काम आहे. संध्याकाळ झाली आहे. बाल्दो पाण्यात उतरलाय, पण गुडघ्यांपर्यंतच, तसा शोमाराचा हुकूम आहे. हात तिनं घट्ट धरलाय. लहान मासे त्याच्या पायांना गुदगुल्या करताहेत आणि तो लहान मुलासारखा हसतोय. वारा जोरात सुटलाय, झुडपं वाकताहेत, वाळू उडते आहे. उडू दे.

निळ्या चपला माझ्यापाशी आहेत.